विमान सारोळ्याला थांबत नाही

आमच्या भोरात विमान पाहिलेली माणसं पुष्कळ होती. मान वर करायला काही लागत नाही. पण विमानात बसून, धडधाकट खाली उतरून, पुन्हा भोरच्या बाजारपेठेत बशीत चहा ओतून पिणारे त्या काळी दोघंच. एक मी आणि दुसरा धोंडिबा गवंडी. धोंडिबा असतो बेळगावला, म्हणजे भोरात हिशेबाला मी एकटाच उरलो. लोक माझ्या सायकलच्या दुकानात येतात, चाक पुढं करतात आणि पंक्चरचं बाजूलाच ठेवून विचारतात, तात्या, किती वेळ लागला हो विमानाला? मी सांगायला बसतो. चाक तसंच पडून राहतं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. धंदा तरी चालेल.

एक मात्र आधी स्पष्ट करतो. मी खोटं सांगत नाही. जरा मोठं करून सांगतो, कारण बारीक सांगितलं तर मागच्या बाकावर ऐकू जात नाही.

सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल. धोंडिबा माझ्या शाळेतला सोबती. मूळ गाव विंझरच्या पलीकडची एक वाडी. तिथं त्याची धाकटी बहीण सखू राहते. सखूचा नवरा गेला तेव्हा तिची तानी रांगत होती. पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं ते मामानं. पण गवंडीकाम त्याला आधी साताऱ्याला, मग कोल्हापूरला आणि शेवटी बेळगावला घेऊन गेलं, आणि तीन वर्षांत त्यानं घरचं तोंड पाहिलं नव्हतं. ‘येतो’ असा निरोप मात्र दर सणाला यायचा.

आणि आता तानीचं लग्न ठरलं. नवरदेव भाटघरचा, शेतीवाला. मुहूर्त गोरज. गोरज म्हणजे गुरं रानातून घरी येतात ती वेळ. त्यांच्या खुरांची धूळ उडाली की अक्षता पडायच्या. आणि अक्षता पडताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा असायला हवा, ही आमच्याकडची रीत. तानीनं आईला आधी चुलीपाशी सांगितलं आणि मग चार माणसांत पुन्हा सांगितलं की मामा पाठीशी नसंल तर म्या पाटावर उभी ऱ्हायची न्हाई.

पोरगी सखूची आहे. तोरणा एखाद वेळेस जागचा हलेल.

मग सखूआक्का स्वतः माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, “तात्या, निरोप लई झालं. तुमी जावा. त्याला बांधून आना, पन आना.”

मी त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं.

बेळगाव

जातानाच्या आगगाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसलो आणि पोचलो. बेळगाव मात्र छान. आमच्या भोरला पेढा मिळतो, तो पेढ्यासारखा लागतो. बेळगावला कुंदा मिळतो, तो कशासारखा लागतो हे ठरवता ठरवता माझा पावशेर संपला. पुन्हा पावशेर घेतला, तरी ठरलं नाही. तिथली माणसं एका वाक्यात मराठी सुरू करतात आणि कानडीत संपवतात, आणि दोन्ही गोड. मला ‘बर्री’ आणि ‘होग्री’ एवढंच कानडी आलं. या आणि जा. पाहुण्याला याहून जास्त लागतंय कशाला?

धोंडिबा सांबऱ्याच्या बाजूला एका कंत्राटदाराकडं मुख्य गवंडी होता. मी गेलो तर हा उंच मचाणावर. मला पाहून त्यानं थापी फेकली आणि असा मिठी मारायला आला की माझ्या नव्या सदऱ्याला पाठीमागं सिमेंटचे दोन पंजे उठले. ते अजून निघालेले नाहीत. लग्नाला येणार म्हणाला. येणारच म्हणाला. तानीसाठी तांब्याचा हंडाही घेऊन ठेवला होता, तोही आत नेऊन दाखवला. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत स्लॅब उरकायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची, असं ठरलं.

आता स्लॅबचं असं असतं की एकदा टाकायला घेतला की मधे सोडता येत नाही. सोडला तर तिथं सांध राहते आणि जन्मभर गळते. आणि नेमकं त्या दिवशी माल कालवायचं यंत्र बंद पडलं. मग पावड्यानं कालवा, घमेली चढवा. मी स्वतः हजारभर घमेली उचलली. (धोंडिबा बारा म्हणतो. तो वर होता, त्याला खालचं काय दिसणार.) स्लॅब पुरा झाला तेव्हा आमची गाडी पार पुढं निघून गेली होती.

धोंडिबा उलट्या घमेल्यावर बसला. थापीला लागलेलं सिमेंट नखानं खरवडत राहिला. मी गप्प बसलो, यावरून प्रसंग ओळखा.

कंत्राटदार हा भला माणूस. त्यानं विचारलं, मी सगळं सांगितलं, थोडं मोठं करून. त्यात तानी आतापासूनच उपाशी बसलीय असंही आलं. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. तो आणि त्याची बायको दुसऱ्या दिवशी विमानानं पुण्याला जायचे होते. पण बायकोला गालगुंड झालं होतं, आणि गाल असे सुजले होते की ती म्हणाली, या तोंडानं मी पुण्यात पाऊल ठेवायची नाही. दोन्ही तिकिटं त्यानं धोंडिबाच्या हातावर ठेवली. “जा मिस्त्री. पोरगीच्या पाठीशी उभारा जा.”

सांबरा

विमानतळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं काय काय होतं. प्रत्यक्षात आमच्या भोरचं एसटी स्टँड त्याहून मोठं आणि तिथं माणसंही जास्त. एक बैठी इमारत, पुढं माळ, माळावर एक काळा पट्टा आणि पट्ट्यापलीकडं चरणाऱ्या शेळ्या. एक माणूस सायकलवरून घंटी वाजवत त्या हाकलायला गेला, तेव्हा कळलं की विमान येतंय.

आत एक कारकून. यादीत त्यानं पहिलं नाव वाचलं, धोंडिबाला पुढं घेतलं. दुसरं नाव वाचलं, “सौभाग्यवती...” आणि वर पाहिलं. पुढं मी उभा. माझ्या मिशा त्या वेळी अशा होत्या की दोन्ही टोकांना लिंबं तोलावीत. तो यादीकडं बघे, मिशांकडं बघे. मी म्हटलं, गालगुंड झालंय. कंत्राटदाराचा माणूस बरोबर आला होता, त्यानं कानडीत सगळं समजावलं. कारकुनानं सुस्कारा सोडून नाव खोडलं.

मग वजन. सामानाचं नव्हे, माणसाचं. गुळाच्या ढेपी तोलायच्या काट्यावर एकेकाला चढवत होते. धोंडिबा चढला तो तांब्याचा हंडा कवेत घेऊन. आत तानीचं पातळ, कुंद्याची पुडकी आणि वरून पंचा बांधलेला. हंडा सामानात टाका म्हणाले. धोंडिबा म्हणाला, चेपला तर? त्यावर कारकुनानं हात जोडून वाट दाखवली. हंडा धोंडिबाच्या मांडीवर बसून आला, आणि त्यालाही पट्टा आवळला होता, हे मी शपथेवर सांगतो.

आभाळ

विमान दोन पंख्यांचं, जुनं, आणि आतून आमच्या यष्टीएवढंच. उडायच्या आधी ते असं थरथरलं की माझे दात एकमेकांना ओळखेनासे झाले. मग पळालं. मग एकाएकी खालचा खडखडाट थांबला आणि पोट मागं राहून आम्ही पुढं गेलो.

एक नीटस पोरगी ताटली घेऊन आली. ताटलीत गोळ्या आणि कापसाचे बोळे. मी गोळी तोंडात टाकली. धोंडिबानं मूठभर गोळ्या वऱ्हाडातल्या पोरांसाठी खिशात घातल्या, बोळा रीतसर कानाच्या पाळीत खोवला, आणि मनगट पुढं करून बसला. ती पुढं गेली तरी मनगट तसंच. मी विचारलं, काय रे?

“फाया तर दिला,” तो म्हणाला, “अत्तर मागनं येतंय जनू.”

तो कान बंद करायचा कापूस आहे, हे मला ठाऊक होतं. पण एवढ्या ऐटीत बसलेल्या माणसाला कशाला सांगा? पलीकडचे सुटातले साहेब बघत होते, म्हणून सोबतीला मीही माझा बोळा पाळीत खोवला. थोड्या वेळानं बघतो तर साहेबांनी आमचं बघून त्यांचा बाहेर काढून पाळीत खोवलेला.

मी त्या पोरीला अंतर विचारलं. सरळ रेषेत एकशे नव्वद मैलांच्या आसपास, वेळ तास-सव्वा तास, असं ती म्हणाली. म्हणजे स्वारगेटला भोरच्या गाडीची वाट बघायला जेवढा लागतो, त्याहून कमी.

खालून कृष्णा गेली, शेतं गेली, डोंगर आले. मी काचेला नाक लावून बसलो होतो. आणि मग ओळखीचं दिसायला लागलं. तुम्ही आपला गाव वरून पाहिला नाही तोवर सांगून कळायचं नाही. डाव्या अंगाला भाटघर धरणाचं पाणी, उन्हाळ्यानं आटून वेड्यावाकड्या जानव्यासारखं पडलेलं. खाली नीरा आणि तिच्यावर सारोळ्याचा पूल, आमच्या यष्टीचा नेहमीचा थांबा, काडेपेटीतल्या काडीएवढा. मागं राजगड, त्याच्या पलीकडं तोरणा, दोघंही जमिनीला चिकटून बसलेले. ज्या डोंगरांनी आमच्या बापजाद्यांचा दम काढला, ते वरून शेणीच्या थापीएवढे. मला हसूच आलं.

धोंडिबाला नाही आलं. त्यानं हंडा माझ्या मांडीवर ठेवला, पट्टा सोडला आणि उभा राहिला. छताला हात लावून यष्टीतल्यासारखी घंटीची दोरी चाचपू लागला. दोरी सापडेना, तेव्हा त्यानं त्या पोरीला खणखणीत आवाजात सांगितलं, “बाई, सारोळ्याला उतरायचंय. मुलीचं लगीन हाय.”

विमानातली सगळी तोंडं मागं वळली. पोरगी हुशार होती. तिनं हसू गिळलं आणि फार अदबीनं म्हणाली की हे मधे कुठं थांबत नाही.

“न्हाई थांबत?” तो खाली बसला. बराच वेळ पुलाकडं बघत होता. तो मागं जाईपर्यंत. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “तात्या, चुकलं आपलं. ही जलद हाय. आपन साधी पकडाया पायजे हुती.”

पुणे ते विंझर

दुपारच्या आधी आम्ही पुण्यात होतो. तुम्ही म्हणाल, संपलं, आता काय राहिलं. मीही तेच म्हटलं होतं. पण लोहगावहून स्वारगेटला येईतो टांग्याच्या घोड्यानं दोनदा विचार बदलला, आणि स्वारगेटला वेल्ह्याची गाडी लागली तेव्हा फलाटावरची सावली कलली होती. कात्रजच्या घाटात गाडी तापली. घाटात कंडक्टर डबा घेऊन पाण्याला गेला तो झऱ्यावर ओळखीचा माणूस भेटला म्हणून तिथंच बसला. खेड शिवापूर, नसरापूर. एकशे नव्वद मैल तासाभरात आणि हे तीसपस्तीस मैल संपेनात. मैलाचे दगड खोडून त्यांवर नुकतेच किलोमीटर रंगवले होते. सरकारनं आमचा रस्ता एका रात्रीत लांब केला, असं धोंडिबाचं म्हणणं पडलं.

विंझरला उतरलो तेव्हा ऊन पिवळं पडायला लागलं होतं. वाडी खिंडीपलीकडं, चालत. वेळ होता, पण बेताचा.

आता आमच्या मुलखात पाव्हणा फाट्यावर उतरला की पाणी घेतल्याशिवाय त्याला हलू देत नाहीत. पाण्यामागून गूळ येतो, गुळामागून चहा. हॉटेलवाल्यानं तांब्या पुढं करता करता कानातला बोळा पाहिला आणि विचारलं, कुठनं? धोंडिबा गप्प राहिला असता. मी म्हटलं, आभाळातनं.

तेवढं पुरे झालं. विड्या विझल्या. सलूनवाला एका माणसाला अर्ध्या दाढीनिशी घेऊन बाहेर आला. आमच्याच एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून बाकावर बसला आणि ष्टेरिंग कसलं असतं, गेर किती, ब्रेक मारला तर आभाळात घसरतं का, असं एकेक विचारू लागला. प्रश्न शहाण्याचे होते, अर्धवट उत्तर देणं बरं दिसलं नसतं. वेल्ह्याला जायचे उतारू खिडक्यांतून माना काढून ऐकत होते, त्यांतल्या एकानंही गाडी सोडा म्हटलं नाही. मी विमान ढगात घातलं. ढगातून काढलं. पायलटला घटकाभर डुलकी लागली तेव्हा दांडा माझ्या हातात दिला होता, इथवर आलो, तेव्हा माझा सदरा मागून ओढला जाऊ लागला.

धोंडिबा होता. हंडा खांद्यावर. तोंड पांढरं पडलेलं.

“तुमी विमान उतरवून या सावकाश,” तो म्हणाला, “म्या चाललो. दिस चाललाय माझ्या पोरीचा.”

आणि खरंच चालायला लागला. मी दांडा पायलटला परत दिला आणि त्याच्या मागं पळालो.

खिंड

त्या चढाला धोंडिबा असा सुटला की हंड्यातली कुंद्याची पुडकी आत नगाऱ्यासारखी वाजत होती. सूर्य पलीकडच्या धारेला टेकला होता. मी मागून सांगत होतो की भटजी थांबतील, मंगलाष्टकं लांबवता येतात, माझ्या चुलतभावाच्या वेळी तर... तो म्हणाला, आता कायबी सांगू नगा.

खिंडीच्या तोंडाशी आलो आणि पुढं वाटच नव्हती. सगळी गुरं. वाडीची झाडून सगळी गुरं. गाई, बैल, म्हशी, मधे एक आडवा खोंड, आणि पुढं काठी आडवी धरून म्हादबा गुराखी, साठीचा माणूस, उघडा, घामानं निथळलेला. एरवी या वेळेला गुरं गोठ्यात असतात. वासरांच्या हाका खालून ऐकू येत होत्या आणि गाई म्हादबाला ढुशा देत होत्या. एका म्हशीनं तर माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच उशीर केला.

धोंडिबानं विचारलं, अक्षता पडल्या?

म्हादबानं त्याला खालून वर न्याहाळलं. “तुमी मामा न्हवं?” मग काठी खाली टाकून तिथंच दगडावर बसला. “आलासा एकदाचं. सखूबाईनं सांगितलंय, मामा खिंडीत दिसल्याबिगर एकबी जनावर खाली सोडू नगंस. हात गळालं माझं.”

खाली मांडवात काय झालं, ते मला नंतर चौघांनी सांगितलं, आणि चौघांचं सारखं होतं, त्यामुळं ते खरंच असावं. भटजी केव्हापासून घड्याळ काढून दाखवत होते. भाटघरची मंडळी पाय हापटत होती. पाटावर तानी आली नव्हती. तेव्हा सखूआक्का मांडवाच्या मधोमध येऊन भटजींना म्हणाली, “काका, मुहूर्त गोरज म्हनलासा. गुरं आली का?” भटजी म्हणाले, नाही बाई, अजून दिसत नाहीत. “मंग गोरज कशी झाली? गुरांच्या आधी गोरज येतीया व्हय?”

भटजींनी घड्याळाकडं पाहिलं, रिकाम्या वाटेकडं पाहिलं, आणि घड्याळ कडोसरीला लावलं. शास्त्र सखूआक्काच्या बाजूनं होतं.

मांडव

मग गुरं सुटली. तासभर कोंडलेली, वासरांची ओढ लागलेली. त्या उताराला ती अशी उधळली की धूळ तोरण्यापर्यंत गेली असं लोक म्हणतात. मी राजगडापर्यंतच म्हणतो. आणि त्या धुळीत, गुरांच्या मधे, हंडा डोक्यावर धरून धोंडिबा. कुठं शेपूट दिसे, कुठं हंडा चमके. मांडवातून आधी धूळ दिसली, मग शिंगं, मग वाजंत्र्यांनी कोणाची वाट न बघता वाजवायला सुरुवात केली.

तानी पाटावर आली. मधे अंतरपाट. धोंडिबा तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या भुवया, मिशा, कानातला बोळा, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. त्यानं एकदा खाकरून घसा साफ केला. तानीनं मागं वळून पाहिलं नाही. नवरीनं वळायचं नसतं. पण तिचे खांदे खाली आले, हे मी पाहिलं.

अक्षता पडल्या. ज्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं खापर धुळीवर फोडलं. धूळ होतीच म्हणा भरपूर.

पंगतीला गव्हाची लापशी, त्यावर गुळवणी, आणि आंबेमोहोराचा भात, ज्याच्या वासानंच निम्मं जेवण होतं. बेळगावचा कुंदा हंड्यात नाचून नाचून चुरा झाला होता, तो भाटघरच्या पाव्हण्यांना चमच्यानं वाढला. त्यांनी तीच बेळगावची रीत समजून वाखाणला. मी दुसऱ्या वाढीला विमान पुन्हा उडवलं. या खेपेला म्हादबाही ऐकायला होता आणि जागाही ऐसपैस होती.

जेवणं उरकल्यावर तानी मामाच्या पाया पडायला आली. कपाळावर मुंडावळ्या, अंगावर बेळगावचं पातळ. सगळा मांडव बघत होता. तिनं विचारलं, मामा, खरंच इमानानं आलास व्हय? त्यानं मान हलवली. मग तिनं विचारलं, किती येळ लागला?

धोंडिबा एरवी बढाई मारणारा नव्हे, पण आता भाटघरची मंडळी समोर होती. त्यानं छाती पुढं काढली. “बेळगावात बसलो ते तासाभरात पुन्यात. तासाभराचं काम हाय.”

तानीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या. “तासाभराचं काम,” ती म्हणाली, “मंग तुला तीन वर्सं कशी लागली?”

धोंडिबानं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या थापेची खरोखर गरज होती, आणि मला एकही सुचेना.

“दिवाळीला येतो,” तो शेवटी म्हणाला. “आईशप्पत येतो. काय न्हाई मिळालं तर चालत येतो.”

तानीनं बोटांवर दिवाळीपर्यंतचे महिने मोजले.

“चालत येनार असशील,” ती म्हणाली, “तर आत्ताच निघ.”

आधी सखूआक्का हसली, मग भटजी, मग सगळा मांडव, आणि त्या सगळ्यांत मोठ्यानं धोंडिबा, डोळे पुसत. माझं विमान अजून पुण्याला उतरायचं होतं. पण त्यानंतर त्याचं मला कुणी विचारलं नाही.